‘बाहेरचे’ आणि घरचे : मराठी भयसाहित्यातील कुटुंब आणि नेणीव

१

एखाद्या घरातील सून जेवेनाशी झाली, रात्री-अपरात्री उठून बसू लागली, स्वतःशीच बोलू लागली, की घरातील वडीलधारी माणसे आवाज खाली आणून म्हणतात, ‘तिला बाहेरचे आहे.’ या शब्दप्रयोगात भूत, करणी, नजर, देवाचा कोप यांपैकी कशाचेच नाव घेतलेले नसते. सांगितलेली असते ती केवळ दिशा. त्रासाचे मूळ उंबऱ्याच्या आत नाही, एवढीच गोष्ट या निदानाने पक्की केलेली असते. याच भाषेत विटाळशी स्त्रीलाही ‘बाहेरची’ म्हटले जात असे, आणि ती घरातच राहून तीन दिवस घराबाहेरची होत असे. तेव्हा ‘बाहेर’ हा शब्द स्थळाचा निर्देश करतोच, शिवाय कुटुंबाला आपल्यातील जे सोसवत नाही ते कोठे नेऊन ठेवायचे, याची सोयही तो करून देतो.

याच्या उलट जाणारी साक्षही मराठीतच आहे. घर फिरले की घराचे वासे फिरतात. एकट्या माणसाला घर खायला उठते. वास्तू तथास्तु म्हणते, म्हणून घरात अभद्र बोलू नये. या उक्तींत भयाचे स्थान घर हेच आहे. म्हणजे म्हणींना जे ठाऊक आहे ते निदान नाकारते. मराठीतील भयसाहित्याचा, विशेषतः कुटुंब आणि नेणीव यांभोवती फिरणाऱ्या भयसाहित्याचा इतिहास या दोन साक्षींमधील झगड्याचा इतिहास म्हणून वाचता येतो. ‘बाहेरचे’ म्हणून उंबऱ्यापलीकडे टाकलेले भय पुन्हा घरात कसे परतले, कोणत्या वाङ्मयप्रकारांतून परतले, आणि मराठी समीक्षेला ते ओळखण्यास विलंब का लागला, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

फ्रॉइडने १९१९ साली लिहिलेल्या ‘दास उनहाइमलिख’ या निबंधाचा येथे उपयोग होतो, तो त्यातील एका भाषिक निरीक्षणामुळे. भयचकित करणाऱ्या अनुभवासाठी जर्मन भाषेत असलेल्या या शब्दाच्या पोटात ‘घर’ आहे. जे एकेकाळी घरचे, ओळखीचे होते, परंतु दडपले गेले, तेच परके रूप घेऊन परत येते आणि भिववते, असे फ्रॉइडचे प्रतिपादन आहे. हॉफमनच्या ‘वाळूवाला’ या १८१६ सालच्या कथेचे त्याने केलेले विवेचनही याच सूत्रावर उभे आहे. मराठीत या अनुभवासाठी चपखल एकशब्दी पर्याय सापडत नाही, आणि जो शब्द व्यवहारात आहे त्याच्या पोटात नेमके ‘बाहेर’ आहे. जर्मन शब्द ज्याची कबुली देतो, ते मराठी शब्द लपवतो. म्हणूनच मराठी लेखकापुढील काम अधिक कठीण होते. त्याला वाचकाच्या मनातील भीती जागवायची होतीच, परंतु तिचा पत्ताही बदलायचा होता.

२

या झगड्याचे पहिले वाङ्मय छापील नाही. ते भानामतीच्या कथनांत आहे. विदर्भात, त्यातही चंद्रपूरच्या बाजूला, आणि मराठवाड्यात भानामतीच्या हकिकती दीर्घकाळ सांगितल्या गेल्या. घरावर दगड पडतात. पेटीतले कपडे आपोआप जळतात. शिजल्या अन्नात घाण सापडते. अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उमटतात. या हकिकतींची रचना पाहिली तर एक गोष्ट ठळकपणे जाणवते. घटना गावभर घडत नाहीत, त्या एकाच घरात घडतात. जळतात ती घरच्यांचीच लुगडी, नासते ते घरचेच अन्न, डागाळते ते घरातल्याच कुणाचे अंग. कथन मात्र सांगते की करणारा बाहेरचा आहे, भाऊबंदातला वा शेजारचा आहे, आणि त्याने केलेली करणी घरात शिरली आहे.

१९८२ मध्ये नागपूर येथे स्थापन झालेल्या अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समितीने आणि पुढे १९८९ पासून नरेंद्र दाभोलकरांच्या नेतृत्वाखालील महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने अशा प्रकरणांचा माग काढला. त्यांची भूमिका साधी होती. भानामतीमागे मानवी हात असतो, आणि बहुधा तो घरातल्याच, असह्य मानसिक ताणाखाली असलेल्या व्यक्तीचा असतो. या शोधमोहिमा साहित्याभ्यासकाने वाचण्यासारख्या आहेत, कारण त्यांचा आकार भयकथेचाच आहे. कुलूपबंद घर, मोजकी पात्रे, एकामागून एक येणारी अतर्क्य घटना आणि अखेरीस आतच सापडणारा कर्ता. फरक इतकाच, की कर्ता सापडल्यावर त्याचे नाव चव्हाट्यावर न आणता त्याच्याशी बोलावे आणि त्याला उपचारांकडे न्यावे, हा या कार्यकर्त्यांचा रिवाज. बोलता न येणाऱ्या माणसाने कापड, अन्न आणि कातडी यांवर लिहिलेला मजकूर, असे भानामतीचे वर्णन केले तर ते अतिशयोक्त ठरू नये. जिला घरात तोंड उघडता येत नाही तिची नेणीव घरातील वस्तूंकडून बोलून घेते. घर मात्र तो मजकूर ‘बाहेरच्या’ हस्ताक्षरातला म्हणून वाचते.

३

छापील मराठी भयकथेला मोठा वाचकवर्ग मिळवून दिला तो नारायण धारप (१९२५-२००८) यांनी. धारपांच्या लेखनाविषयी गंभीर समीक्षेने बाळगलेले मौन अन्यायकारक आहे. परिचित मध्यमवर्गीय वास्तवात अमानुष शक्तीचा प्रवेश टप्प्याटप्प्याने घडवून आणण्याचे त्यांचे कौशल्य वादातीत आहे. तथापि त्यांच्या कथाविश्वाची नैतिक रचना ‘बाहेरच्या’च्या निदानाला दुजोरा देणारी आहे. त्यांच्या ‘समर्थ’कथांतील अनिष्ट शक्ती मनुष्येतर असते, ती घरावर चालून येते, आणि समर्थांसारखा आध्यात्मिक अधिकार असलेला पुरुष तिचे निर्दालन करतो. घर पीडित असते, क्वचित बेसावध असते. क्वचितच ते दोषी असते. वाचकाला भयाबरोबर जे आश्वासन मिळते, ते या निर्दोषत्वाचे असते.

धारपांनी स्टीफन किंगच्या कादंबऱ्या मराठीत रुजवल्या, हे सर्वश्रुत आहे. ‘लुचाई’मागे १९७५ सालची ‘सालेम्स लॉट’ आहे, तर ‘शपथ’मागे १९८६ सालची ‘इट’. परंतु १९७७ सालच्या ‘द शायनिंग’मध्ये किंगनेच जो प्रश्न उभा केला, की ओस पडलेल्या हॉटेलातील पिशाच्चे अधिक भयावह की दारूच्या आहारी गेलेला, मुलावर हात उगारलेला बाप अधिक भयावह, तो प्रश्न समर्थांच्या चौकटीत मावणारा नव्हता. तारणहार आला की आतल्या दोषाचा विचार मागे पडतो. मांत्रिकाची जागा सात्त्विक पुरुषाने घेतली, तरी मुळाचा पत्ता बाहेरचाच राहिला.

४

आतल्या अंधाराची तपासणी त्याआधीच दुसऱ्या दालनात सुरू झाली होती. बा. सी. मर्ढेकरांच्या ‘रात्रीचा दिवस’ (१९४२) या कादंबरीने संज्ञाप्रवाहाचे तंत्र मराठीत आणले. या कादंबरीत भयकथेचे काहीच नाही. पण मनाच्या व्यवहाराला बाहेरच्या घटनेचा आधार लागत नाही, हे तिने वाचकाच्या अंगवळणी पाडण्यास आरंभ केला. चिं. त्र्यं. खानोलकरांनी ‘रात्र काळी, घागर काळी’ (१९६२) आणि ‘कोंडुरा’ (१९६६) या कादंबऱ्यांत याच मनाला कोकणातील दैवतांच्या, शापांच्या आणि वासनेच्या प्रदेशात नेले. ‘कोंडुरा’त पुरुषाला होणारा दैवी साक्षात्कार खरोखर दैवी आहे की दडपलेल्या वासनेने धारण केलेले ते रूप आहे, याचा निर्णय वाचकाला अखेरपर्यंत करता येत नाही. त्स्वेतान तोदोरोव्हने १९७० साली अद्भुताची व्याख्या करताना हाच अनिर्णय महत्त्वाचा मानला. नैसर्गिक आणि अतिनैसर्गिक या दोन स्पष्टीकरणांमध्ये वाचक जोवर अडखळतो, तोवरच अद्भुताचे अस्तित्व असते. १९७८ साली श्याम बेनेगल यांनी या कादंबरीवर चित्रपट केला तेव्हा पडद्यावर देवीला देह देणे भाग पडले. कादंबरीत ती वाक्यांच्या मधल्या जागेत उभी राहू शकत होती.

खानोलकर आणि त्यांच्यासमवेत जी. ए. कुलकर्णी यांच्या कथात्म लेखनाचा विचार करताना मराठी समीक्षेने ‘नियती’ ही संज्ञा सढळ हाताने वापरली. जी.एं.च्या ‘निळासावळा’पासून (१९५९) ‘काजळमाया’पर्यंतच्या (१९७२) प्रवासाला ती लागू पडते, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु या संज्ञेने एक गोष्ट नकळत झाकली. घरातील माणसांनी एकमेकांवर केलेले आघात, मुलांच्या वाट्याला आलेली वंचना, स्त्रियांनी गिळलेला अपमान, हे सारे नियतीच्या खाती जमा केले की कुटुंब पुन्हा निर्दोष ठरते. देवऋषी ‘बाहेरचे’ म्हणतो, समीक्षक ‘नियती’ म्हणतो. दोन्ही शब्दांच्या प्रतिष्ठेत मोठे अंतर आहे, पण कार्यात साम्य आहे. कर्ता घराबाहेर नेऊन ठेवण्याचे काम दोघेही करतात.

५

ही सोय प्रथम मोडली ती रंगभूमीने. विजय तेंडुलकरांचे ‘गिधाडे’ १९७० मध्ये श्रीराम लागू यांनी रंगमंचावर आणले. त्यात भूत नाही, शाप नाही. बाप, दोन मुलगे, मुलगी, सून आणि अनौरस मुलगा एवढीच माणसे आहेत आणि मालमत्तेसाठी ती एकमेकांना फाडतात. बहिणीच्या गर्भपातानंतर लुगड्यावर दिसणाऱ्या रक्ताच्या डागाला परिनिरीक्षण मंडळाने आक्षेप घेतला. तेव्हा डाग निळा करण्यात आला, आणि प्रेक्षकांनी तो लाल समजावा अशी सूचना देण्यात आली. ही हकिकत सेन्सॉरच्या हास्यास्पदतेचा नमुना म्हणून सांगितली जाते. परंतु तिच्यातून दुसरेही काही कळते. घरात सांडलेले रक्त त्याच्या खऱ्या रंगात पाहण्याची समाजाची तयारी नव्हती, आणि रंग बदलून दाखवल्यावर प्रत्येक प्रेक्षकाला ते मनातल्या मनात लाल करावे लागले. भयनिर्मितीचे इतके प्रभावी साधन एखाद्या भयकथाकारालाही सुचले नसते.

जयवंत दळवींनी ‘अंधाराच्या पारंब्या’ या आपल्या कादंबरीवरून ‘बॅरिस्टर’ (१९७७) हे नाटक लिहिले. विलायतेत शिकलेला, सुधारणावादी विचारांचा बॅरिस्टर जुन्या वाड्यात केशवपन केलेल्या मावशीसह राहतो. घराण्यात वेड आहे. ते आपल्यापर्यंत कधी येऊन पोहोचेल, या धास्तीत तो जगतो. येथे भयाचे वाहन रक्त आहे, आणि भयाचा विषय स्वतःचेच मन आहे. भूत पछाडील या भीतीवर अंगारा असतो. आपणच आपल्याला पछाडू या भीतीवर काय असणार? त्याच वाड्याच्या आश्रयाने राहणाऱ्या तरुण स्त्रीवर वैधव्य कोसळते तेव्हा केशवपनाचा प्रश्न उभा राहतो, आणि बॅरिस्टरच्या विचारांची कसोटी लागते. दळवींचे मर्मग्राही यश हे, की आनुवंशिक वेड आणि रूढीचे वेड यांना त्यांनी एकाच छपराखाली समोरासमोर बसवले. वेडा कोण, हा प्रश्न मग वैद्यकाचा उरत नाही. विजया मेहता यांनी या नाटकावरून ‘रावसाहेब’ हा चित्रपट केला. त्यात त्यांनीच साकारलेल्या मावशीची भूमिका राष्ट्रीय पुरस्काराने गौरवली गेली, हे अर्थपूर्ण आहे. या घरातील भीतीचा सर्वांत जुना साठा तिच्याजवळच आहे.

महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’ने (१९८५) हा वाडा विदर्भात आणला. यवतमाळ जिल्ह्यातील पारवा येथे जन्मलेल्या एलकुंचवारांना येथील देशपांडेपणाची पडझड आतून ठाऊक होती. धरणगावच्या देशपांड्यांच्या वाड्यात तात्याजींचा मृत्यू झाला आहे, अंगणात ट्रॅक्टर गंजत पडला आहे, आणि काळाचे भान हरपलेली दादी पुन्हा पुन्हा वेळ विचारते आहे. या नाटकाची चर्चा सरंजामी व्यवस्थेच्या विघटनाचे वास्तवदर्शी नाटक म्हणून झाली, आणि ती योग्यच आहे. परंतु रात्रीच्या प्रवेशात वहिनी पिढीजात दागिने अंगावर चढवते तेव्हा नाटक वास्तववादाच्या कडेवर येऊन उभे राहते. हे दागिने ज्यांच्या अंगावर होते त्या मृत स्त्रियांची पूर्ण रांग त्या एका देहात येऊन उभी राहिल्याचा भास होतो. अंगात येणे म्हणजे काय, याचे याहून नेमके चित्र मराठी भयकथेत शोधून सापडणे कठीण. आणि याच घरात प्रभा आहे, जिला शिकायचे होते आणि जिला घराबाहेर जाऊ दिले गेले नाही. ‘बाहेरचे’ या शब्दाचा उलटा अर्थ तिच्या वाट्याला आला आहे. तिला लागलेली बाधा घरचीच आहे. पुढे रंजू दागिन्यांसह शिकवणीच्या मास्तराबरोबर निघून जाते, तेव्हा वाड्याला आपले संचित आणि आपली मुलगी यांपैकी नेमके काय गेले याचा हिशेब लागत नाही. १९९४ मध्ये ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ यांसह ही नाट्यत्रयी पूर्ण झाली तेव्हा वाड्याभोवतालची जमीनही ओसाड झालेली होती.

६

‘भयकथा’ या दालनातच राहून भयाचा पत्ता बदलण्याचे श्रेय रत्नाकर मतकरी (१९३८-२०२०) यांचे. त्यांनी आपल्या लेखनासाठी ‘गूढकथा’ ही संज्ञा रूढ केली. गूढ हे घटनेत नसून माणसाच्या मनात असते, अशी त्यांची धारणा त्यामागे होती. त्यांच्या कथांत अतर्क्य घडते तेव्हा त्याची मुळे मत्सर, अपराधगंड, न लाभलेले प्रेम यांत रुजलेली असतात. तारणहाराला तेथे जागा नसते. धारप आणि मतकरी यांना एकाच फळीवर मांडण्याची ग्रंथालयांची सवय वाचकांच्या सोयीची असली, तरी वाङ्मयेतिहासाच्या दृष्टीने ती दिशाभूल करणारी आहे.

मतकरींनी दिग्दर्शित केलेल्या ‘इन्व्हेस्टमेंट’ या चित्रपटाला २०१२ सालच्या सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. महत्त्वाकांक्षी, सुखवस्तू दांपत्याच्या शाळकरी मुलाच्या हातून वर्गातील मुलीचा जीव जातो आणि घर त्याला वाचवायला सरसावते. आयुष्यभर गूढकथा लिहिलेल्या लेखकाने अखेरीस गूढाचा लवलेशही नसलेली ही गोष्ट सांगावी, यात विसंगती नाही. त्याच्या लेखनाची दिशाच ती होती. दुष्टता घरात शिरत नाही, घर तिला जन्म देते, शिकवते आणि तिचे भवितव्य सुरक्षित करते, येथवर हा प्रवास येऊन पोहोचतो.

मराठी लेखणीचा हाच धागा हिंदी पडद्यावरही दिसतो. विकास देसाई आणि अरुणा राजे यांच्या ‘गहराई’ (१९८०) या चित्रपटाच्या लेखनात तेंडुलकरांचा सहभाग होता. त्यातील बुद्धिवादी पित्याची भूमिका लागूंनी केली. मुलीच्या अंगात आलेली शक्ती बोलू लागते, आणि पित्याने दडवलेले कृत्य बाहेर पडते. येथे ‘बाहेरचे’ खरे आहे असे मानले, तरी ते बोलते मात्र घरचेच. राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’ने (२०१८) श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’मधून (१९८७) नाव घेतले आणि धारपांच्या कथेतून प्रेरणा घेतली. अंधाऱ्या खोलीत जखडलेल्या आजीपासून नातवाच्या हव्यासापर्यंत जी साखळी त्यात उभी राहते, तीत राक्षसाहून घराण्याचा लोभ अधिक चिवट ठरतो. धारपांच्या कथाबीजाला समर्थांशिवाय वाढू दिले, तर ते कोठे जाते, याचे हे उत्तर म्हणावे लागेल.

७

या इतिहासाचा विचार केवळ वाङ्मयप्रकाराच्या उत्क्रांतीपुरता ठेवता येत नाही, कारण ‘बाहेरचे’ या निदानाची किंमत कुणीतरी अंगावर मोजत असते. दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली, आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. या कायद्याच्या अनुसूचीत भूत उतरवण्याच्या बहाण्याने दोराने वा साखळीने बांधणे, मारहाण करणे, मिरचीची धुरी देणे या कृत्यांची नोंद आहे. कायद्याच्या रुक्ष भाषेतील ही यादी वाचताना जाणवते, की ती एका न लिहिलेल्या भयकथेचे प्रसंग सांगते आहे, आणि त्या कथेतील भयभीत पात्र म्हणजे जिच्या अंगातले भूत काढले जात आहे ती व्यक्ती. भयकथेने अंधश्रद्धा वाढते, हा आक्षेप सरसकट खरा नाही. कोणती भयकथा, हे पाहावे लागते. भयाचा पत्ता बाहेरचा देणारी कथा त्या साखळीला अप्रत्यक्ष मान्यता देते. पत्ता घरचा देणारी कथा साखळी कुणाच्या हातात आहे ते दाखवते.

यापुढील कथेचे घर कोणते असेल, हा प्रश्न उरतो. वाडे गेले. वर्धा शहराला लागून असलेल्या बोरगाव (मेघे), सिंदी (मेघे), सावंगी (मेघे] या गावांसारख्या वस्त्या आता महाराष्ट्रात प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणाभोवती दिसतात. गावठाणाला लेआउट येऊन भिडतात, खेड्यातून आलेले कुटुंब आणि शहरातून सरकलेले कुटुंब एकाच ओळीतल्या प्लॉटवर घर बांधते, आणि कुणाच्या घरात पूर्वी काय घडले हे शेजाऱ्याला ठाऊक नसते. वर्ध्याने १९६९ मध्ये पु. शि. रेगे यांच्या अध्यक्षतेखाली आणि २०२३ मध्ये नरेंद्र चपळगावकरांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन पाहिले. १९६९ मध्येच सेवाग्राम येथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली, १९९० मध्ये सावंगीला वैद्यकीय महाविद्यालय आले, आणि या दोन्ही ठिकाणी मनोविकारांवर उपचार होतात. बोरगावातील एखाद्या घरात सून जेवेनाशी झाली, तर तिला कोठे न्यायचे याचे पर्याय आता काही किलोमीटरांच्या आत आहेत. मनोविकारतज्ज्ञाकडे नेताना शेजाऱ्यांना ‘अशक्तपणा आहे’ असे सांगितले जाईल. देवऋषीकडे नेताना ‘बाहेरचे आहे’ असे सांगितले जाईल. दोन्ही वेळा घराला स्वतःविषयी काही सांगावे लागणार नाही.

औषधाची चिठ्ठीही ‘बाहेरचे’ या निदानाचे काम करू शकते. आजार मेंदूतील रसायनांचा ठरला की घर पुन्हा एकदा मोकळे. अशा वेळी त्या घरात बसून, कुणाचेही नाव चव्हाट्यावर न आणता, तिचे म्हणणे ऐकून घेण्याचे काम कथेकडे येते. दळवी आणि एलकुंचवारांनी ते वाड्यात केले, मतकरींनी ते शहरी फ्लॅटमध्ये केले. तीन खोल्यांच्या, स्लॅब टाकलेल्या, पुढे तुळस आणि मागे बोअरवेल असलेल्या घरात ते अजून व्हायचे आहे.